झेब्रा माशाची पिल्लं घरी काढायचीत? आधी भाताचं खाचर डोक्यात आणा

परवा भाच्याचा फोन, मामा तुझ्याकडे झेब्राची एवढी पिल्लं येतात कुठून, माझ्याकडे सहा मासे वर्षभर आहेत आणि एक पिल्लू दिसलं असेल तर शपथ. म्हटलं बाबा, तुझे मासे अंडी घालत नाहीत असं नाहीये, बहुतेक आठवड्याला घालत असतील, फक्त तू उठून चहा टाकेपर्यंत तेच मासे ती खाऊन मोकळे होतात. त्याला फोनवर सगळं सांगायला गेलो तर पाऊण तास झाला आणि तरी अर्धंच झालं, म्हणून आता सरळ लिहूनच काढतो, इतरांनाही उपयोग होईल.

सुरुवात टँकपासून करायची नाही, माशापासून करायची. दुकानात मिळणारा हा निळ्या पट्ट्यांचा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा आपल्याच देशातला आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं गप्पी-मॉलीसारखा हाही बाहेरून आलाय. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ साली गंगेच्या माशांवर पुस्तक काढलं त्यात याची पहिली नोंद आहे, आणि त्याला तो मिळाला होता कोसी नदीत. म्हणजे घर म्हणाल तर गंगा-ब्रह्मपुत्रेचा पट्टा, बिहार, बंगाल, आसाम, शेजारी नेपाळ-बांगलादेश. शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ, आणि यातलं डॅनिओ हे बंगाली 'धानी'वरून आलंय असं सांगतात, धानी म्हणजे धानाच्या शेतातला. नावातच पत्ता दिलाय की हो, अजून काय पाहिजे.

कारण हा मोठ्या नदीच्या मधल्या धारेत राहणारा मासा नाहीच. तो असतो कडेच्या उथळ, संथ, बऱ्यापैकी नितळ पाण्यात, ओढ्याच्या बाजूची डबकी, शेताला पाणी देणारे पाट, तळी, भाताची खाचरं, पाणी कुठे फूटभर कुठे त्याहून कमी, काठाला गवत लोंबतंय, तळाला कुठे चिखल कुठे वाळू-खडे. तिथलं पाणी हिवाळ्यात १६ अंशांपर्यंत उतरतं आणि उन्हाळ्यात ३८ पर्यंत चढतं, दोन्ही हा मासा सोसतो, म्हणून तर आपल्या घरात टिकतो. खातो काय तर पाण्यातले बारीक जीव, किडे, डासांच्या अळ्या, वरून पाण्यात पडलेली मुंगी-माशी. तोंड बघा त्याचं, खालचा जबडा पुढे आणि तोंड वर वळलेलं, म्हणजे वरून येणारं खाणं टिपणारा. याला खाणारे मरळ, बगळे, खंड्या असले सगळे आहेतच.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे पाऊस. पावसाळ्यात नदी-ओढे काठ सोडून शेतात शिरतात, तिथे नवीन उथळ पाणी साठतं, त्यात मोठे मासे कमी आणि डोळ्याला न दिसणारे बारीक जीव मात्र भरपूर. झेब्रा तिथे जाऊन अंडी घालतो. रानातला झेब्रा फार तर वर्षभर जगतो, पुढचा पावसाळा बघणारे थोडेच, म्हणजे त्याला एक हंगाम मिळतो आणि त्या हंगामात जमेल तितकी अंडी टाकायची असतात. घरच्या टँकमधे दोन-तीन वर्षं आरामात जातात.

आषाढात पुण्याहून ताम्हिणीकडे जाताना मुळशीच्या पुढे गाडी बाजूला लावा आणि एखादं खाचर नीट बघा. झेब्रा शोधायला नाही, त्यासाठी नाही सांगत मी, फक्त पाणी बघा. वीतभर खोल, पहाटे गार, दुपारी ऊन पडलं तर कोमट, वरून सारखं ताजं पाणी पडतंय, बांधाला गवत पाण्यात बुडालंय. ही पहाट, ही खोली आणि हे ताजं पाणी, एवढं घरात उभं करता आलं की झालं, बाकी माशाला काही शिकवावं लागत नाही.

आता खरेदी. झेब्रा वडापावच्या आसपासच्या किमतीत मिळतो म्हणून लोक दोन आणतात आणि काचेच्या बाऊलमधे टाकतात, कृपा करून हे करू नका. हा कळपातला मासा आहे, कमीत कमी सात-आठ घ्या, दहा घेतले तर उत्तमच, एकटा-दुकटा ठेवला की एकतर कोपरा धरून बसतो नाहीतर दुसऱ्याच्या मागे लागून त्याला हैराण करतो. ठिपक्यांचा जो लेपर्ड डॅनिओ मिळतो ना, तो वेगळा मासा नाही, यातलाच, एका जनुकात बदल झाल्यामुळे पट्ट्यांच्या जागी ठिपके आलेत, दोघांची जोडी लागते. चमकणारे गुलाबी-हिरवे असतात तेही झेब्राच, त्यांना रंग फासलेला नसतो, जेलीफिश किंवा प्रवाळाचं जनुक घातलेलं असतं, अमेरिकेत २००३ च्या शेवटी ते पहिल्यांदा विकायला आले. मला स्वतःला साधा निळ्या पट्ट्यांचाच आवडतो, त्यावर सकाळचं ऊन पडलं की दुसरं काही नको वाटतं, पण ज्याची त्याची आवड.

नर-मादी ओळखायला लोक उगाच घाबरतात. वरून बघू नका, समोरून-बाजूने बघा. नर सडपातळ, पोटाकडे आणि खालच्या पराला सोनेरी-पिवळसर झाक. मादी जरा मोठी, पोट गोल आणि पांढरं-चंदेरी. दुकानात दुपारी मासे उपाशी असतात आणि वयानेही लहान, तेव्हा सगळे नरच वाटतात, म्हणून दहा घेऊन या आणि महिनाभर खाऊपिऊ घाला, मग फरक आपोआप दिसतो.

टँक दोन फुटी घ्या, दोन बाय एक बाय एक म्हणजे साधारण ५५ लिटर, याहून लहान घेतलात तर पाणी पटकन खराब होतं आणि या माशाला पळायला लांबी लागते, उंचीचं त्याला काही नाही. साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरतो. वर झाकण पाहिजेच पाहिजे, उडी मारतो हा, माझा एक सोफ्याखाली सापडला होता, वाळून कडक. नवीन टँक भरल्या भरल्या मासे सोडू नका, माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया खाणारे बॅक्टेरिया जमायला दोन-चार आठवडे जातात, घाई असेल तर कुणा मित्राच्या चालू टँकमधला स्पंज आपल्या पाण्यात पिळून घ्या, काळं पाणी येईल, घाबरायचं नाही, तेच तर पाहिजे.

पाण्याबद्दल पुण्यात दर माणसाचं वेगळं मत असतं, पेठेत वेगळं आणि वाकडला टँकरवाल्या सोसायटीत वेगळं, पण झेब्रा यात फार नखरे करत नाही. खडकवासल्याचं नळाचं पाणी चालतं, बोअरचं जड पाणीही चालतं, चालत नाही ते क्लोरीन आणि एकदम बदललेलं पाणी. बादली उघडी ठेवून २४ तास मुरवा किंवा दुकानातलं अँटीक्लोरीन टाका. गुरुवारी पाणी बंदचा मेसेज आला की मी बुधवारीच दोन बादल्या भरून ठेवतो, कारण शुक्रवारी पहिलं पाणी कधी कमी दाबाने तर कधी गढूळ येतं, त्या दिवशी टँकला हातच लावायचा नाही. एकदा घाईत न मुरवता अर्धी बादली ओतली होती, संध्याकाळपर्यंत चार मासे वर तरंगत होते, चूक शंभर टक्के माझी. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, बास.

हीटर पुण्यात या माशाला जगायला लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत घरातलं पाणी २० च्या आसपास जातं, मासे जरा सुस्त होतात इतकंच. पण पिल्लं काढायची तर २६ ते २८ अंश पाहिजे, म्हणून माझा सल्ला असा की पहिला प्रयत्न थंडीत करूच नका, जून ते ऑक्टोबरमधे करा, हवामान आपणहून मदत करतं. एप्रिल-मेमधे टँक गॅलरीत असेल तर आत घ्या.

आता पिल्लांच्या मुख्य तयारीला लागू, आणि इथे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी अंडी काढतात आणि मग पिल्लांना काय घालू म्हणून शोधत बसतात, तोपर्यंत पिल्लं उपाशी मेलेली असतात. पिल्लांचं खाणं आधी तयार करायचं, अंडी नंतर. झेब्राचं पिल्लू इतकं बारीक असतं की दुकानातली पावडरसुद्धा त्याच्या तोंडात मावत नाही, त्याला लागतात पाण्यातले सूक्ष्म जीव, ज्याला हौशी लोक इन्फ्युसोरिया म्हणतात. मी काय करतो, मूठभर भाताचा पेंढा घेतो (मुळशीकडून येताना कुणाकडून मागून आणायचा, हसतात पण देतात), तो पाण्यात उकळतो, गार झाला की काचेच्या बरणीत ओततो आणि त्यात चालू टँकमधलं कपभर पाणी आणि एखादं कुजकं पान टाकून फडकं बांधून खिडकीत ठेवतो. आधी पाणी गढूळ होतं, वास येतो, घरचे नाक मुरडतात, मग चार-सहा दिवसांनी वरचं पाणी जरा निवळतं आणि बॅटरीच्या उजेडात बघितलं तर धुळीसारखं काहीतरी हलताना दिसतं. तेच ते. पेंढा नसेल तर कोबीचं पान चालतं, पण कोबीचा वास जास्त मारतो. भाताच्या शेतातल्या माशाला भाताचाच पेंढा, मला तरी हे पटतं.

खाणं मुरत असताना नर आणि मादी आठवडाभर वेगळे ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं चांगलं खायला द्या, त्यात जिवंत खाणं असेल तर फरक लगेच दिसतो. डासांच्या अळ्या फुकट मिळतात हे खरं, पण गॅलरीत बादली ठेवून अळ्या पिकवायचा उद्योग करू नका, दोन दिवस विसरलात तर अख्ख्या सोसायटीला डेंग्यू वाटाल आणि महापालिकेची नोटीस येईल ती वेगळीच. डॅफ्निया (पाण्यातला बारीक उड्या मारणारा जीव) मिळाला तर बघा, नाहीतर फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे दुकानात गोठवलेल्या मिळतात त्या लाल अळ्या, बारीक चिरून. मादीचं पोट टम्म दिसायला लागलं की समजा तयार आहे.

मग एक रात्र निवडा, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशी. दहा-पंधरा लिटरचा साधा प्लास्टिकचा टब घ्या, त्यात तुळशीबागेत मिळते ती भाज्या धुवायची जाळीची टोपली बसवा, भोकं दोन-तीन मिलिमीटरची पाहिजेत, अंडी खाली पडली पाहिजेत आणि मासा वर अडकला पाहिजे. अंडं जेमतेम मिलिमीटरभराचं असतं, चिकट नसतं, सरळ तळाला जातं. टोपली नसेल तर तळाला गोट्यांचे दोन थर द्या, लहानपणी खेळायचो त्याच काचेच्या गोट्या, अंडी फटीत जातात आणि माशाचं तोंड पोचत नाही. पाणी वीतभरही नको, पाच-सहा इंच बास, आणि टबाच्या एका बाजूखाली जाड वही सरकवा म्हणजे एक बाजू उथळ होईल. ही उथळ बाजू म्हणजे आपला बांध, मासे तिकडेच जातात, प्रयोगशाळांमधेसुद्धा अशी तिरकी टाकी वापरतात. एका कडेला प्लास्टिकची हिरवी झुडपं किंवा जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झुडूप) सोडा.

संध्याकाळी दोन माद्या आणि दोन-तीन नर सोडा, दिवा घालवण्याआधी मुरवलेलं, टबापेक्षा एक-दोन अंश गार पाणी हळूहळू लोट्याने वरून सोडा, हा आपला पाऊस. मग खोलीत पूर्ण अंधार. टीव्हीचा उजेडसुद्धा नको, कारण याचं सगळं घड्याळ उजेडावर चालतं. पहाटे उजाडलं की काही मिनिटांतच कार्यक्रम सुरू होतो, नर मादीच्या मागे लागतो, नाकाने तिच्या पोटाला ढुसण्या देतो, तिच्याभोवती गोल फिरतो, मग दोघं क्षणभर अंगाला अंग लावून थरथरतात आणि अंडी पडतात. एका मादीची शंभर-दोनशे सहज, कधी त्याहून जास्त. माझ्या आयुष्यात पहाटे सहाला स्वखुशीने उठायला लावलेली ही एकच गोष्ट आहे.

नऊ-दहापर्यंत मोठ्या माशांना परत टँकमधे सोडा, लाड नको, थांबले तर फटीतून शोधून खातील. एकही अंडं नसेल तर माशांना आठवडाभर विश्रांती देऊन परत करा, पहिल्या वेळी नाही झालं म्हणून वैतागू नका, माझं तिसऱ्यांदा झालं होतं.

अंडी आता आईस्क्रीमच्या चपट्या डब्यात काढा, अर्ध्या लिटरला पन्नास अशा हिशोबाने, पाणी त्याच तापमानाचं. काही तासांनी भिंग घेऊन बसा. जी काचेसारखी आरपार दिसतात ती चांगली, जी पांढरी, दुधाळ झाली ती मेलेली, ती ड्रॉपरने लगेच काढून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्यांना खाते. मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाचा थेंब टाकला तर बुरशी कमी होते, पाणी फिकट निळं दिसेल इतपतच.

आणि इथे जरा थांबून बघाच, मुलं घरात असतील तर त्यांनाही बसवा. अंडं पडल्यावर पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात, मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट, चांगलं भिंग किंवा शाळेचा मायक्रोस्कोप असेल तर डोळ्यांदेखत होतं. दुसऱ्या दिवशी डोळे आणि वळवळणारी शेपटी, हृदय धडधडताना दिसतं, त्यानंतरच्या दिवशी रक्त फिरताना दिसतं. हे सगळं आरपार दिसतं म्हणूनच तर जगभरच्या शास्त्रज्ञांनी हा मासा धरून ठेवलाय. आपल्याकडे पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत आणि आघारकर संशोधन संस्थेत झेब्रावर काम चालतं. २०१३ साली याचा पूर्ण जनुकनकाशा छापून आला तेव्हा कळलं की माणसाच्या जवळपास ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं या माशात आहेत. त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत भरून येतो. आणि आपण त्याला बाऊलमधे ठेवतो.

२८ अंशाला दोन ते तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पाणी गार असेल तर उशिरा. बाहेर आलेलं पिल्लू म्हणजे पापणीच्या केसाएवढं, ते काचेला चिकटून लटकतं, डोक्यावर चिकट ग्रंथी असतात त्याने. लोकांना वाटतं मेलं, मेलेलं नसतं, पोटाशी बलकाची पिशवी असते त्यावर जगत असतं, या वेळी काहीही खायला टाकू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी ते वर येऊन हवेचा घोट घेतं आणि पोहण्याची पिशवी फुगवतं, म्हणून पाण्यावर तेलकट तवंग नको, दिसला तर टिश्यू पेपर वरून अलगद फिरवा. तवंगामुळे हवा मिळाली नाही तर पिल्लू तळाशीच सरपटत राहतं आणि मरतं, माझी एक अख्खी बॅच अशी गेली आणि मला महिनाभर कारण कळलं नव्हतं.

आडवं पोहायला लागलं की खाणं सुरू, पेंढ्याचं पाणी ड्रॉपरने दिवसातून तीन-चार वेळा. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून द्या असं जुने लोक सांगतात, चालतं ते, पण एक थेंब जास्त झाला की रात्रीत पाणी नासतं आणि सकाळी सगळा डबा साफ, मी आता त्या वाटेला जात नाही. नवव्या-दहाव्या दिवसापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची बारीक पिल्लं, द्या. त्याची अंडी दुकानात मिळतात, लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, त्यात पाव चमचा अंडी, खालून एअर पंपाची नळी, दीड दिवसात नारिंगी ठिपके पोहायला लागतात, ते गाळून साध्या पाण्यात धुवून द्यायचे. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की समजायचं पोचलं. रोज थोडं पाणी बदला, नळीच्या टोकाला फडकं लावून, नाहीतर पिल्लंच बादलीत जातील.

तीनेक आठवड्यांत पट्टे उमटायला लागतात, तोपर्यंत मोठ्या टबात हलवा. गर्दी करू नका, दाटीवाटीत आणि अर्धपोटी वाढवलेल्या पिल्लांत नरच जास्त निघतात, पुढच्या वेळी माद्या कुठून आणणार? तीन महिन्यांत ही पिल्लं स्वतः अंडी घालायच्या वयाची होतात, म्हणजे हिशोब करा किती होतील.

आणि जास्त झाली तर? मुळा-मुठेत, पाषाण तलावात, कात्रजला, कुठेही सोडायची नाहीत. आपल्या पाण्यात तिलापिया, आफ्रिकन मागूर, गप्पी हे सगळे असेच कुणीतरी सोडलेले, आपल्या ओढ्यांतल्या लहान माशांना आधीच जागा उरलेली नाही, त्यात टँकमधले रोग अजून कशाला. मित्रांना वाटा, शाळेच्या प्रयोगशाळेला विचारा, दुकानदार बदल्यात खाद्याचं पाकीट देतो कधी कधी. देताना जाड पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा, आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं म्हणजे पिशवीत घाण होत नाही, आणि स्कूटरच्या डिकीत ठेवायची नाही, दुपारी सिग्नलला थांबेपर्यंत ती डिकी तापून मासे शिजतात, पिशवी हँडलला कापडी पिशवीत अडकवा आणि सकाळीच निघा.